ओकायामाच्या घरात पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं?

प्रश्न असा आहे: पुण्यात जपानी शिकणारी, एन-थ्री (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) झालेली एक विद्यार्थिनी सप्टेंबरअखेर एका सत्रासाठी जपानमधल्या ओकायामाला निघाली आहे. वसतिगृह नाही, होस्ट फॅमिली. घरात आई-वडील, सहावीतला मुलगा आणि आजी. मुलगी शाकाहारी, अंडं चालतं. ती विचारते, "पहिल्या दिवसांत कसं वाटतं? माझं काय काय चुकू शकतं? आणि आई रोज एकच विचारते, ती माणसं प्रेमाने वागतील ना?"

आईच्या प्रश्नाकडे शेवटी येते, कारण त्याचं उत्तर बाकीच्यातूनच निघतं.

मी वीस वर्षं पुण्यात जपानी शिकवते. दर वर्षी चार-पाच जणांना जपानी घरांत जाण्याआधी तयार करते, आणि ती तिथे पोचल्यावर त्यांचे "सेन्सेई, आता काय करू?" हे निरोपही माझ्याकडेच येतात. स्वतः 1999 मध्ये ओकायामा प्रांतातल्याच एका घरात दहा महिने राहिले. त्यामुळे पुढे जे लिहिते त्यातल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या आहेत, थोड्या विद्यार्थ्यांकडून उसन्या घेतल्या आहेत.

आपल्याकडे म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, आणि तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. होस्ट फॅमिलीत नेमकं उलटं असतं. तिसऱ्या दिवशीही जी पाहुणीच राहते तिची पंचाईत होते. पहिल्या दिवशी ते घर तुझ्यासाठी सजलेलं असेल. नवी चादर, तुझ्या नावाची पाटी, तुझ्यासाठी आणलेला वेगळा मग, टेबलावर सात-आठ पदार्थ. सगळे हसतमुख, सगळे सावकाश बोलणारे. चौथ्या-पाचव्या दिवशी टेबलावर तीनच पदार्थ असतील, ओतोसान, म्हणजे घरातले वडील, रात्री साडेनऊला येऊन मुकाट्याने जेवतील, मुलगा गेममध्ये डोकं घालून बसेल आणि ओकाआसान, म्हणजे आई, तुझ्याशी बोलता बोलता कपडे वाळत घालतील. माझ्या निम्म्या मुली या दिवशी मला लिहितात, "त्यांना मी आवडेनाशी झाले का?" अगं, नाही. सोहळा संपला आणि संसार सुरू झाला, इतकंच. तिथे पोचायलाच तर तू गेली आहेस.

पाहुणी आणि घरची हा फरक जपानीत तुझ्या तोंडच्या शब्दावरूनच कळतो. परक्याच्या घरात शिरताना म्हणतात "ओजामाशिमास्", म्हणजे तुम्हाला त्रास द्यायला आले. पहिल्या दिवशी ते म्हण, आणि त्यासोबत "ओसेवा नि नारिमास्", तुमच्या आधाराने राहणार आहे. दुसऱ्या दिवसापासून मात्र दारातून आत आल्यावर "तादाइमा" म्हणायचं, आले. आतून "ओकाएरी" येईल. सकाळी निघताना "इत्तेकिमास्". वर्गात आपण हा शब्द 'निघते' म्हणून पाठ करतो, पण तो फोडून बघ: इत्ते म्हणजे जाऊन, किमास् म्हणजे येते. जाऊन येते! घरातून निघताना 'जाते' म्हणू नये म्हणून आजीने आपल्याला शिकवलेलं तेच वाक्य. आणि आतून येणारं "इत्तेराश्शाई" म्हणजे जाऊन ये. मराठी मुलीला हे इतकं सहज जमायला हवं, तरी लाजेपोटी पहिला आठवडा पुटपुटण्यातच जातो. मोठ्याने म्हण. रिकाम्या वाटणाऱ्या घरात शिरलीस तरी म्हण. वरच्या मजल्यावर आजी असते, तिला कोण आलं ते कळतं.

दारातली ती खालची जागा, गेनकान, तिथे चपला काढायच्या हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण दोन गोष्टी चुकतात. चपला काढून टोकं दाराकडे करून ठेवायच्या. आणि मोज्यांनी किंवा अनवाणी त्या खालच्या फरशीवर पाय टेकवायचा नाही. ती फरशी बाहेरची, पायरी चढली की घर. आत स्लिपर, तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत स्लिपरही नाहीत, आणि संडासाच्या स्लिपर वेगळ्या. त्या घालून बैठकीत येणं हा प्रत्येकाच्या नशिबी एकदा असलेला प्रसंग आहे, हसून सोडून द्यायचा. मोजे मात्र चांगले ने. आपण घरात अनवाणी वावरणारी माणसं, मोजे म्हणजे बुटाच्या आत लपणारी वस्तू. तिथे मोजा दिवसभर लोकांसमोर असतो. अंगठा बाहेर डोकावणाऱ्या मोज्याने मी ओकाआसानच्या वडिलांसमोर दोन तास मांडी घालून बसले होते, पाय फराळाच्या ताटाखाली लपवत.

आता आंघोळ. हा विषय मी वर्गात अर्धा तास घेते, कारण तो आंघोळीचा नसून पाण्याचा आहे. टबात भरलेलं पाणी सगळ्या घराचं असतं. आधी टबाबाहेर लहान स्टुलावर बसून साबण, शॉवर, डोकं, सगळं उरकायचं, फेस पूर्ण काढायचा, आणि मग स्वच्छ अंगाने त्या 40-42 अंशांच्या पाण्यात नुसतं बसायचं. निघताना पाणी सोडायचं नाही, वर झाकण घालायचं. तुझ्यामागून आणखी तिघंचौघं त्यात बसणार असतात, आणि पुष्कळ घरांत उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या मशीनला जातं. पाहुणी म्हणून पहिला मान तुला देतील.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी पहिल्या रविवारी मी काय केलं? घरच्या सवयीने दुपारी डोक्याला चंपी करून खोबरेल तेल लावलं. संध्याकाळी एकदाच शाम्पू केला, केस नीट न बांधता टबात बसले, आणि उठून वर गेले. तासाभराने खाली आले तर ओकाआसान बाह्या सावरून टब घासत होत्या. पाण्यावर तेलाचा तवंग आणि माझे दोन हात लांब केस. त्यांनी वळून पाहिलं, "दायजोबु, दायजोबु" म्हणाल्या आणि घासत राहिल्या. त्या रात्री ओतोसाननी नुसता शॉवर घेतला. कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात केस अडकवायची जाळी आणि एक मोठा चिमटा ठेवलेला होता, नवा, किमतीची चिठ्ठी तशीच.

या 'दायजोबु'बद्दल थोडं सांगते. पुस्तकात त्याचा अर्थ 'ठीक आहे'. घरात त्याचे चार अर्थ: खरंच ठीक आहे, नको, राहू दे, आणि चुकलंस पण मी बोलणार नाही. तसंच 'चोत्तो...' म्हणून वाक्य हवेत सोडलं की ते 'नाही' असतं, पुढच्या शब्दाची वाट बघायची नाही. म्हणून कान शब्दाकडे कमी आणि दुसऱ्या दिवशी घरात काय बदललं याकडे जास्त ठेव. नवी जाळी, फ्रिजवर नवी चिठ्ठी, तुझ्या दारापाशी ठेवलेले जाड मोजे. यातलं काही टोमणा नसतं. मला ती जाळी टोमणा वाटली होती आणि मी तीन दिवस घुम्यासारखी वागले. त्यांच्या लेखी मात्र त्यांनी माझी सोय केली होती.

फ्रिजवरून आठवलं. बऱ्याच घरांत फ्रिजवर महिन्याचं कॅलेंडर असतं आणि कोण रात्री जेवायला आहे त्याच्या खुणा त्यावर करायच्या असतात. माझ्या एका विद्यार्थिनीने जेवायला असलेल्या प्रत्येक दिवशी बरोबरची खूण केली. आपली शाळेतली, तिरकी. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, आणि ही तिरकी खूण बहुतेक वेळा चुकलेल्या उत्तराला पडते. ओकाआसाननी समजायचं ते समजून पाच दिवस तिच्या वाटचा भात लावला नाही. ती रोज टेबलाशी येऊन बसायची आणि घरात धावपळ उडायची. हो म्हणजे गोल, नाही म्हणजे फुली. एवढं लक्षात ठेव.

आणि खूण केलीस की ती पाळ. जपानी घरात तुझ्याबद्दल पहिलं मत कशावरून बनतं असं विचारलंस तर मी भाषा म्हणणार नाही, नम्रपणाही म्हणणार नाही. कळवणं. साडेसहाला येईन म्हटलं आणि सात वाजणार असतील तर सहाला निरोप. मैत्रिणींसोबत बाहेर जेवणार असशील तर दुपारी तीनपर्यंत निरोप, कारण त्यानंतर ओकाआसान खरेदीला निघतात. आता लाइनवर (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) घराचा ग्रुप असतो, तुला पहिल्याच दिवशी त्यात घेतील. आपल्याकडे 'येईल ती, जेवेल आल्यावर' असं चालतं, झाकून ठेवलेलं पान असतं. तिथे तुझ्यासाठी चारजण थांबलेले असतात, आणि थांबलो होतो असं म्हणतही नाहीत.

जेवणाचं आता सविस्तर बोलू, कारण मराठी शाकाहारी मुलीचं पहिलं रडू इथेच येतं.

'निकु वा ताबेमासेन', मी मांस खात नाही, एवढं वाक्य पुरत नाही. निकु म्हणजे प्राण्याचं मांस, त्यात मासा येत नाही. हे वाक्य ऐकून त्या माउलीने तुझ्यासाठी मुद्दाम उत्तम मासा आणला तर तिची काही चूक नाही. मासा नको असं सांगितलंस तर मासा जाईल, पण दाशि राहील. दाशि म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचा पायाभूत रस्सा, बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या कात्सुओबुशीचा किंवा लहान सुक्या माशांचा. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, उदोन नावाच्या जाड शेवयांचा रस्सा, कधी कधी गोडसर अंड्याची गुंडाळीसुद्धा, सगळ्यात तो असतो. त्यांच्या दृष्टीने तो मासा नाहीच, जसं आपण हिंगाला भाजी म्हणत नाही. दुकानातल्या तयार करीच्या वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते. गरम पदार्थावर पातळ गुलाबी पापुद्रे नाचताना दिसले तर ते कात्सुओबुशी, तेही माशाचे.

तेव्हा निघायच्या आधी स्वतःशी एकच गोष्ट ठरव: दाशि चालणार की नाही? दोन्ही उत्तरं ठीक आहेत. मात्र एकच ठरव आणि त्यावर राहा. नाही चालणार असेल तर आत्ताच, घर ठरवतानाच, विद्यापीठामार्फत लेखी कळव, आणि सोबत लिही की कोम्बु म्हणजे समुद्री शैवाल आणि सुके शिताके अळंबे यांचा दाशि चालतो. बौद्ध मठांतला सगळा शोजिन स्वयंपाक त्यावरच चालतो, म्हणजे ओकाआसानना ही गोष्ट परकी नाही, फक्त रोजच्या हाताची नाही. चालत असेल तर तसंही स्पष्ट सांग. जे घर चिडतं ते शाकाहारावर कधीच चिडत नाही, ते 'काल चाललं, आज नाही' यावर थकतं. आणि कृपा करून 'नान्देमो ई देस्', काहीही चालेल, म्हणू नकोस. आपण ते संकोचाने म्हणतो. तिला ते खरंच वाटतं, आणि मग तू ताटात उरवतेस.

तुला अंडं चालतं म्हणून तुझं बरंच सोपं आहे. भात, तोफू, अंडी, रताळी, भोपळा, वांगी, पालक, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी (भाताचा गोळा), यावर एक सत्र आरामात निघतं. नात्तो, आंबवलेलं चिकट सोयाबीन, मात्र पहिल्या दिवशी धीर करून चाखच. आवडलं तर घराला जिंकलंस, नाही आवडलं तरी सगळे खूप हसतील.

उपासाचंही आधी सांग, आदल्या दिवशी. माझी एक मुलगी संकष्टी करायची. तिने समजावलं, चंद्र दिसल्यावर जेवते. घरातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा इतका खूष झाला की दर वेळी चंद्रोदयाची वेळ फोनवर काढून तोच खिडकीपाशी उभा राहायचा आणि "देता!" म्हणून ओरडायचा, निघाला! शरद ऋतूत त्यांच्याकडेही चंद्र बघायचा सण असतो, ओत्सुकिमी, तांदळाच्या पिठाच्या गोल गोळ्या रचून. तू साधारण त्याच दिवसांत पोचशील.

एखाद्या रविवारी तू रांधायचं ठरवशील. सगळ्याच ठरवतात. फोडणी जपून. त्यांचं स्वयंपाकघर बैठकीला लागूनच असतं, मोहरी तडतडली की धुराची घंटा वाजायची शक्यता, आणि हिंगाचा वास पडद्यांत चार दिवस राहतो. हळदीने भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा पाट पिवळा झाला की तो पिवळाच. पोळ्यांच्या फंदात पडू नकोस. पोळपाट-लाटणं नाही, पीठ वेगळं, आणि तुझी पहिली पोळी गोल येणार नाही तेव्हा सगळे गोडच आहे म्हणतील. माझा अनुभव सांगते, भाजणी ने. थालीपीठ त्यांना लगेच कळतं, कारण थापून तव्यावर भाजलेलं ओकोनोमियाकी त्यांच्या रोजच्यातलं. वर लोणी चालतं, तिखट कमी कर. भेट म्हणून नेताना एकेक सुटं बांधलेलं खाणं बघ, म्हणजे ओतोसानना ऑफिसात वाटता येतं. मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि आंबा सामानात घालायचा मोह टाळ, विमानतळावरच काढून घेतील. आणि एक फुकटची भेट: सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन फोटो काढून ने. ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेली आहे, मूळ बाग 1700 साली पुरी झाली. आपल्या गावची बाग पुण्यात आहे हे ओकायामाच्या अनेकांना ठाऊक नसतं. पहिल्या रात्री शब्द संपतील तेव्हा हे फोटो अर्धा तास पुरतात.

शब्द संपतीलच. एन-थ्री आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. वर्गातली जपानी ही तोक्योची, इस्त्री केलेली. आजी ओकायामाची बोली बोलणार. 'फार'ला 'देएरे' म्हणणार, वाक्याचा शेवट 'ज्या'वर करणार. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणात सोडावं तसं होतं. तुझे पहिले आठ दिवस आजीशी मान डोलावण्यात जातील. तरी माझं सांगणं, घरात सगळ्यात आधी आजीशी जमव. ओकाआसान कामात, ओतोसान बाहेर, मुलाला क्लास. वेळ फक्त आजीकडे असतो, आणि तीच एक तुझी चूक तोंडावर सुधारते.

त्यासाठी एक वाट सांगते. घरात बुत्सुदान असेल, पूर्वजांचं लहान देवघर, आत फोटो, रोज सकाळी वाटीभर गरम भात आणि पाणी. आजोबांचा फोटो असेल तर एक-दोन दिवसांनी आजीला विचार, "सेन्को ओ आगेतेमो ई देस् का?" उदबत्ती लावू का? माझ्या तिथल्या घरी मी हे विचारलं, आजीने मला शेजारी बसवून घेतलं. काडी पेटवली, ज्योत विझवायची होती. माझा हात आपसूक हलला, फुंकर न मारता हाताने वारा घालून ज्योत विझवली. फुंकर मारायची नसते हे त्यांच्यातही तसंच. आजीने माझ्याकडे वळून बघितलं आणि ओकाआसानला हाक मारून काहीतरी भराभर सांगितलं. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून भाताची वाटी ठेवायचं काम माझं.

काम मागून घ्यायचं ते असं. "मदत करू का?" विचारलंस तर उत्तर "ई, ई, दायजोबु" असंच येणार. त्याऐवजी विचार, "रोजचं माझं काम कोणतं?" टब घासणं, कपडे घडी घालणं, ठरल्या वारी कचरा नेऊन ठेवणं. कचऱ्याचं प्रकरण बारीक आहे: जळणारा वेगळा, प्लास्टिकची बाटली असेल तर झाकण आणि वेष्टन काढून, विसळून. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या अक्कलहुशारीने काही टाकू नकोस, विचार.

आता ज्याने हल्ली सगळ्यात जास्त नुकसान होतं ते. फोन. 1999 मध्ये मला आईशी बोलायचं तर फोनकार्ड घेऊन सार्वजनिक फोन गाठावा लागे, पंधरा दिवसांतून एकदा, कार्डावरचे आकडे पळत असायचे. त्यामुळे संध्याकाळी बैठकीत बसण्यावाचून पर्यायच नव्हता, आणि माझी जपानी तिथेच सुधारली. आता जेवण झालं की मुली खोलीत जातात, दार लावतात आणि दीड तास व्हिडिओ कॉल. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. त्यांचे रात्रीचे दहा म्हणजे आईचे साडेसहा, आईला नेमका वेळ असतो. भिंती पातळ, आपला आवाज खणखणीत. खाली बसलेल्या माणसांना फक्त एवढंच कळतं की मुलगी आमच्याशी दोन वाक्यं बोलते आणि वर जाऊन तासभर रडते किंवा हसते. मी माझ्या मुलींना अट घालते: पहिले दहा दिवस रात्री नऊपर्यंत बैठकीत बसायचं. टीव्ही कळला नाही तरी चालेल, अभ्यास तिथेच कर. आईशी बोलणं पंधरा मिनिटं. आईला हे आधी सांगून ठेव, नाहीतर ती इकडे काळजी करते आणि तू तिकडे अपराधी होतेस.

परदेशी गेल्यावर मन आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर जातं असा एक आलेख सगळीकडे दाखवतात. तो 1955 मध्ये स्व्हेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या अभ्यासातून मांडला. माझ्या मुलींचं मन मला इतकं सुबक वळण घेताना दिसलेलं नाही. एकाच मंगळवारी सकाळी वर, दुपारी खाली, रात्री आजीने सोललेलं पर्सिमनचं फळ दिलं की पुन्हा वर. तेव्हा 'मला अजून बरं का वाटत नाही' असा हिशेब मांडत बसू नकोस.

काय सोसायचं नाही तेही सांगायला हवं, कारण मी वर जे लिहिलं ते वाचून कुणी सगळंच गिळत बसेल. ठरलेलं जेवण मिळत नसेल, तुझ्या खोलीत न विचारता वावर होत असेल, कुणाचं वागणं, बोलणं, स्पर्श खटकत असेल, रोज दोन-दोन तास मुलाची फुकट इंग्रजी शिकवणी अपेक्षित असेल, तर तो संस्कृतीचा फरक नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला असं शिकवणीचं घर मिळालं होतं. ती अडीच महिने गप्प राहिली, 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून. समन्वयकाशी बोलल्यावर दहा दिवसांत घर बदलून मिळालं. स्पर्शाच्या बाबतीत तर त्याच दिवशी कळवायचं. समन्वयकाचा क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेव. पोलीस 110, रुग्णवाहिका 119.

कागदपत्रांचं उरकते: पत्ता ठरल्यापासून चौदा दिवसांत नगर कार्यालयात नोंदवायचा, रहिवासी कार्ड कायम जवळ ठेवायचं, आरोग्य विमा त्याच फेरीत. ओकाआसान बहुधा सोबत येतील. वीज 100 व्होल्टची, दोन चपट्या पिनांची. चार्जरवर 100 ते 240 लिहिलंय का बघ, इकडून केस वाळवायचं यंत्र नेऊ नकोस. डिसेंबरात घर गार पडेल, ओकायामाचं ऊन कितीही प्रसिद्ध असो. बहुतेक घरांत सगळं घर तापवायची सोय नसते, फक्त बसतात ती खोली ऊबदार. सगळे कोतात्सुच्या, म्हणजे खाली हीटर असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून बसतात. तेव्हा खोलीत एकटी बसायचा प्रश्नच आपोआप मिटतो.

हाक काय मारायची हे विचारून घे. एका मुलीने मला विचारलं होतं, "माझी आई कोथरूडला आहे, मी यांना आई कसं म्हणू?" बरोबर आहे. तिने नावापुढे सान (आपल्या 'जी'सारखं) लावून हाक मारली, सहा महिने. चाललं. कुणी मन मोडून ओकाआसान म्हणू नये.

तर तुझ्या आईचा प्रश्न. प्रेमाने वागतील का? आईंना सांग, जवळ घेणार नाहीत, गालावरून हात फिरवणार नाहीत, 'अजून एक घे, माझी शपथ' म्हणणार नाहीत. माझ्या ओकाआसान दहा महिन्यांत मला प्रेमाचं एक वाक्य बोलल्या नाहीत. नोव्हेंबरात एकदा मी न कळवता मैत्रिणीकडे थांबले आणि रात्री दहाला पोचले. त्या गेनकानच्या पायरीवर बसून होत्या, अंगावर कोट, बाहेर शोधून नुकत्याच परतलेल्या. मी "तादाइमा" म्हटलं. त्यांनी "ओकाएरी" म्हटलं नाही. पहिल्यांदाच त्या माझ्यावर ओरडल्या, साधी, घरातल्या मुलाशी बोलतात ती भाषा, एकही 'देस्-मास्', म्हणजे अदबीचा शेवट, नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि आतल्या आत मोजत होते, आज अठ्ठावन्नावा दिवस, आज या मला पाहुणी समजत नाहीत. वर गेले तर अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली होती. ती ओरडण्याच्या आधी ठेवली होती की नंतर, ते मी कधी विचारलं नाही.

आणि हो, तेलाची बाटली न्यायला हरकत नाही. लावायचं ते आठवड्यातून एकदाच, दोनदा शाम्पू करायचा, केस वर बांधायचे, आणि त्या दिवशी टबात सगळ्यांच्या शेवटी जायचं.